सिंहाचे मतदार, पानांची मतं

गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाचं प्रकरण शिकवायला घेतलं की मी फळ्यावर दोन चित्रं काढतो. एक फूल आणि एका देठावर दोन पानं. चित्रकला माझी बेताचीच, त्यामुळे वर्गात आधी हशा पिकतो. मग कुणीतरी विचारतं, "फूल म्हणजे कमळ का सर?" कमळाचा इथे संबंध नाही. त्या काळात गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची निशाणी सिंह होती आणि युनायटेड गोवन्सची हात, हे सांगितलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "हात तर काँग्रेसचा!" पाच-दहा मिनिटं अशी जातात. मी ती जाऊ देतो, कारण प्रकरणाचं मर्म याच गोंधळात आहे. १६ जानेवारी १९६७ ला, सोमवारी, गोमंतकीयांसमोर जी मतपत्रिका आली तिच्यावर सिंहही नव्हता आणि हातही नव्हता. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असं वाटत असेल तर फूल, संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा असं वाटत असेल तर दोन पानं.

निकाल आधी सांगून टाकतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मतदार होते ३,८८,४३२. मतं पडली ३,१७,६३३, म्हणजे सुमारे ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. त्यातल्या सतरा हजारांच्या आसपास लोकांनी उलट मत दिलं असतं तर मी आज महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात शिकवत असतो. त्यानंतर दहाच आठवड्यांनी, २८ मार्चला, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण हाच जन्महेतू असलेला म.गो. पक्ष १६ जागा घेऊन पुन्हा निवडून आला. युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या. ज्यांचं म्हणणं लोकांनी जानेवारीत नाकारलं त्यांनाच मार्चमध्ये गादीवर बसवलं.

हे कसं झालं, असा प्रश्न विद्यार्थ्यांना घातला तर उत्तर परीक्षेच्या उत्तरासारखं येतं: मतदार सुजाण होता. असेल. पण सुजाण म्हटलं की विचार थांबतो. मला त्याहून अरुंद प्रश्न हवा असतो. ३ डिसेंबर १९६६ ला भाऊंच्या, म्हणजे दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. तिथून मतदानापर्यंत ४४ दिवस. समजा, या ४४ दिवसांत तुम्ही फोंडा तालुक्यात फुलाचे प्रचारक आहात. देवळाच्या मांडवात, शाळेच्या पटांगणात, पोसऱ्यासमोर, म्हणजे गावातल्या दुकानासमोर, तुम्हाला रोज बोलायचं आहे. काय बोलाल?

उत्तर देण्याआधी ऐकणाऱ्याची ओळख करून घ्यायला हवी. हा माणूस पाच वर्षांपूर्वीपर्यंत जाहीर सभा नावाची गोष्ट जवळजवळ पाहिलेला नव्हता. सालाझारच्या राजवटीत सभेला परवानगी लागे आणि छापील ओळ सेन्सॉरच्या हाताखालून जाई. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे, असं घरोघरी सांगतात. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा प्रशासक मिरांडानं पिस्तूल काढलं आणि लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. ही गोष्ट आम्ही क्रांतिदिनाला शौर्याची म्हणून सांगतो. भाषणाच्या अभ्यासकानं ती वेगळ्या अंगानं ऐकावी. त्या दिवशी भाषणात काय होतं हे कुणाच्या फारसं लक्षात नाही. भाषण होऊ घातलं होतं, हीच घटना. नंतर १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो घाटातल्या रानातून गुप्त रेडिओ चालवत होते, तेव्हाही गोव्यात आवाज पोचतो हीच मोठी बातमी असे.

१९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती आली, २४ मार्च १९६२ ला ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झालं. तीन महिने जेमतेम उलटले होते. पाठोपाठ १९६३ मध्ये पणजीत ‘नवहिंद टाइम्स’ आणि मडगावात ‘राष्ट्रमत’. ‘गोमन्तक’च्या मागे चौगुले, ‘नवहिंद’च्या मागे धेंपे, दोघेही खाणवाले. बांदोडकर स्वतः खाणमालक. लोखंडाच्या खनिजातून पैसा आला, त्यातला काही छापखान्यात गेला आणि काही राजकारणात. माध्यमं स्वतंत्र झाली असं आपण सहज म्हणून जातो. ती सेन्सॉरच्या हातून सुटून खाणमालकांच्या अंगणात आली, असं म्हटलं तर कुणाला राग येऊ नये. त्यातही भांडणाला जागा होती, कारण सगळ्या खाणवाल्यांचं हित एकाच दिशेला नव्हतं.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचं काय झालं ते इथे आठवायला हवं. दिल्लीचं वजन, मुक्तीचं श्रेय, नेहरूंचं नाव, सगळं पाठीशी असताना गोव्यात तिला एक जागा मिळाली नाही. मिळाली ती दमणची. म.गो. आणि मित्र मिळून १६, युनायटेड गोवन्स १२. म्हणजे ऐकणारा नवा होता, पण भोळा नव्हता. मोठ्या नावाला भुलत नाही हे त्यानं आधीच एकदा दाखवलं होतं.

आता फुलाचं व्यासपीठ.

म.गो.ची मूळ भाषा, निदान पहिल्या निवडणुकीतली, पोटाची भाषा होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर, भाटकार म्हणेल तेव्हा उठायचं. असं राहणाऱ्या मुंडकाराला हे समजावून सांगायला वक्ता लागत नाही. बहुजन समाजाला म.गो.नं ‘तुमचं राज्य’ म्हटलं आणि ते खरंही करून दाखवलं. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ मध्ये विधानसभेनं कूळ कायदा केला: कुळाला मनमानी उठवता येणार नाही आणि खंडाला मर्यादा. पुढचा मुंडकार कायदा १९७५ चा आणि कुळाला मालकी देणारी दुरुस्ती १९७६ ची, पण पाया ६४ चा.

जनमत कौलाची वेळ आली तेव्हा मात्र व्यासपीठावरची भाषा बदलली, असं माझं वाचन आहे. महाराष्ट्रातून वक्ते आले. त्यांच्या घशात अजून संयुक्त महाराष्ट्राचं रणशिंग होतं, १ मे १९६० होऊन सात वर्षंही झाली नव्हती. "विलीनीकरण झालेच पाहिजे" ही घोषणा त्याच साच्यातली. ‘झालाच पाहिजे’ मुंबईत गर्जना होती, कारण तिथे नाही म्हणणारा दिल्लीत बसला होता आणि ऐकणारे सगळे एका बाजूचे होते. गोव्यात नाही म्हणणारा शेजारच्या वाड्यावर राहत होता. शिवाय इथे दिल्ली नाही म्हणतच नव्हती. दिल्ली म्हणत होती, तुम्हीच ठरवा. ज्याला विचारलं जातंय त्यालाच "झालेच पाहिजे" असं दटावून सांगणं हे घरी मुलगी पाहायला येऊन मुहूर्ताची तारीख जाहीर करण्यासारखं.

दुसरी चूक याहून खोल. फुलाच्या वक्त्यांनी गृहीत धरलं की जो मराठी वाचतो, मराठीत कीर्तन ऐकतो, मराठी नाटक बसवतो, तो महाराष्ट्राचा. गोव्यातल्या हिंदू घरात मराठीचं स्थान काय होतं हे इथे जन्मलेल्याला सांगायला नको. देवापुढची आरती मराठी, पोथी मराठी, पत्रातला मायना मराठी. भांडण, लाड आणि मासळीचा भाव कोंकणीत. या दोन्ही भाषा एकाच तोंडात सुखानं नांदत असताना "कोंकणी ही बोली आहे, भाषा नव्हे" असं कुणी वरून येऊन सांगितलं की मराठीवर प्रेम करणाऱ्या माणसालाही आपल्या आईबद्दल काहीतरी बोललं गेल्यासारखं वाटतं. मी मराठीत लिहितो, मराठीतच विचार करतो, म्हणून हे सांगायला मला संकोच नाही: त्या काळात मराठीचं नुकसान मराठीच्या कैवाऱ्यांनी केलं तेवढं कुणी केलं नाही.

पानांच्या बाजूनं याचा जो उपयोग करून घेतला तो पाहण्यासारखा आहे. चंद्रकांत केणी संपादक असलेलं ‘राष्ट्रमत’ विलीनीकरणाच्या विरोधात होतं आणि ते मराठी दैनिक होतं. त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत, तेही मराठीत. कोंकणीची बाजू मराठीत, मराठी वाचकाच्या घरात, सकाळच्या चहाबरोबर जात होती. रोमी लिपीतलं कोंकणी दैनिक ‘सोत’ ख्रिस्ती वाचकासाठी वेगळं. पण ख्रिस्ती मतदाराला बऱ्याच अंशी पटवायची गरज नव्हती. लढाई हिंदू मतदाराच्या दारात होती आणि तिथे मराठीतूनच शिरता येत होतं. एका बाजूला ‘गोमन्तक’, दुसऱ्या बाजूला ‘राष्ट्रमत’, दोन्ही मराठी. त्या जुन्या फायली उलगडायला बसलं की कागदाच्या कडा बोटांवर भुगा होऊन उतरतात. एका बैठकीत दोन्ही पत्रांचे त्या आठवड्यांतले अंक शेजारी ठेवून वाचले तर पहिल्यांदा जाणवतं ते हेच: भाषा एक, मजकुराची ठेवण तीच, आणि गोवा दोन.

वाचता येणारे तेव्हा निम्म्याहून बरेच कमी. म्हणून पेपर वाचला जायचा तो एकानं आणि ऐकला जायचा दहांनी. जे छापलं ते पुन्हा भाषणच व्हायचं. उल्हास बुयांव गावोगाव गात फिरले, मनोहरराय सरदेसायांच्या कविता म्हटल्या गेल्या, शंकर भांडारी बोलले. गाण्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, हा त्याचा फायदा. फुलाकडेही शाहिरी होती, पण त्यांचा पोवाडा शिवाजी महाराजांचा आणि यांचं गाणं माडाचं, नदीचं, चांदण्याचं. पोवाडा ऐकून छाती फुगते. मत द्यायला माणूस जातो तेव्हा छाती पुन्हा बसलेली असते.

आता जरा माडावर चढू, कारण पानांच्या अर्थकारणाचं सगळं भाषण तिथून सुरू होतं.

रेंदेर पहाटे कमरेला कात आणि दुधिणें अडकवून माडावर चढतो, पोय (माडाचा कोवळा फुलोरा) छाटतो, सूर, म्हणजे माडी, उतरवतो. ही सूर कुठे कुठे जाते ते मी वर्गात मोजायला लावतो. थोडी तशीच प्यायली जाते. थोडी भट्टीत जाऊन माडाची फेणी होते. थोडी मुरून शिर्का होतो, ज्याशिवाय दक्षिण गोव्यातल्या साष्टीत डुकराच्या मांसाचं सोरपोतेल शिजत नाही. थोडी आटून माडाचा गूळ होतो. आणि थोडी पोदेराकडे, पाववाल्याकडे, जाऊन पिठात पडते, म्हणून पाव फुगतो. महाराष्ट्रात तेव्हा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. पानांच्या सभेत एवढंच सांगायचं: विलीन झालात तर तो कायदा इथे येईल. बास. पुढचं गणित रेंदेर, भट्टीवाला, तावेर्नवाला, काजूचं भाट राखणारा आणि पाव घेऊन सायकलवर फिरणारा आपापलं करतो. आकडे द्यावे लागत नाहीत. वक्त्यानं एक कायदा सांगितला, ऐकणाऱ्यानं स्वतःच्या घरातला आकडा घातला. आर्थिक भाषणाचा याहून नेमका नमुना मला माहीत नाही.

नोकरीचंही तसंच. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी कचेऱ्यांत बसले होते. त्यांच्या टेबलासमोर उभं राहिलेल्या गोंयकाराला "उद्या सगळेच असे" एवढं म्हटलं की पुरे. आणि तिसरा मुद्दा: गोवा एक जिल्हा होईल, पणजीच्या विधानसभेऐवजी कलेक्टर. "आमचें गोंय आमकां जाय" या घोषणेत ‘पाहिजे’ आहेच, पण ते मागणाऱ्याचं आहे, हुकूम सोडणाऱ्याचं नव्हे.

हे सगळं शुद्ध होतं असं मी म्हणत नाही. दारूबंदी उद्याच लागू होईल असं कुठे ठरलं होतं? ती एक भीती होती, नीट मापून दिलेली. फुलाकडची भीतीही होतीच: पानं जिंकली तर बामण-भाटकारांचं राज्य परत येईल. दोन्हीकडे भय विकलं गेलं. पानांचं भय जास्त जणांच्या चुलीशी जाऊन बसलं, एवढाच फरक.

इथपर्यंत आलो की वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो, "सर, ख्रिस्ती मतं एकगठ्ठा गेली, बाकी सगळी कारणं फुकट." हे टाळून जाणं अप्रामाणिकपणा होईल. साष्टीनं पानांना भरभरून दिलं. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांत, फुलाचा जोर होता. पण ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत, आणि पानांना झालेल्या मतदानाच्या ५४ टक्के. मधली मतं हिंदूंची, आणि त्यांतल्या अनेकांची तीन वर्षांआधीची आणि अडीच महिन्यांनंतरची निशाणी सिंह असली पाहिजे. नाहीतर मार्चचं गणित जुळत नाही.

शिवाय भाषणाबाहेरही बरंच घडलं. विधानसभेत बहुमत हातात होतं, ठरावानं काम भागेल अशी म.गो.ची धारणा होती. युनायटेड गोवन्सचे नेते डॉ. जॅक सिक्वेरांनी धरून ठेवलं की एवढा मोठा निर्णय आमदारांनी घेऊ नये, लोकांना विचारा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत इंदिरा गांधींच्या कानी लागले. संसदेत डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा झाला. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून मंत्रिमंडळानं पायउतार व्हावं ही मागणीही मान्य झाली. माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात मोठा डाव इथे खेळला गेला आणि तो कुणी व्यासपीठावरून खेळला नाही. प्रश्न पक्षापासून सुटा केला गेला. निशाण्या वेगळ्या, तारीख वेगळी, सत्तेवर कुणी नाही. कौल विधानसभेच्या निवडणुकीबरोबरच घेतला असता तर सिंहाचा मतदार त्याच हातानं फुलावरही शिक्का मारून आला असता. भाऊंवरचं प्रेम आणि गोव्याचं भवितव्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची मुभा त्याला मतपत्रिकेनं दिली.

आणि भाऊंनी स्वतःच, नकळत, ती मुभा आधीपासून तयार करून ठेवली होती. वर कूळ कायद्याचं सांगितलं त्याकडे पुन्हा येतो. म.गो.चा मूळ युक्तिवाद असा की महाराष्ट्रात कुळांना जमिनी मिळाल्या, शाळा मिळाल्या, तेव्हा तिथे जाऊ या. पण ६३ ते ६६ या तीन वर्षांत पणजीत बसून, आपल्याच विधानसभेत, आपल्याच मुख्यमंत्र्यानं शाळा काढल्या आणि कूळ कायदा केला. जे मिळवायला मुंबईला जायचं होतं ते घरपोच आलं. मग जायचं कशाला? भाऊंनी विलीनीकरणाची बाजू जितकी चांगली राबवली तितकी ती अनावश्यक होत गेली. पानांच्या वक्त्यांनी हा मुद्दा किती वेळा मांडला मला ठाऊक नाही. त्यांना तो फारसा मांडताही येणार नव्हता, कारण मांडला तर भाऊंची स्तुती होते.

ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १२ ऑगस्ट १९७३ ला गेले तोवर राहिले. ज्या संघप्रदेशाच्या वेगळ्या अस्तित्वाविरुद्ध पक्ष उभा केला त्याचाच कारभार त्यांनी जीव ओतून केला, आणि त्यात विसंगती आहे असं त्यांच्या मतदाराला कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी मी वर्गाचे दोन भाग केले. फूल कुणाला, पानं कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. पानांकडची भाषणं छान झाली, फार छान, कारण जिंकलेल्या बाजूचं भाषण करायला पन्नास वर्षांची तालीम झालेली असते. फुलाकडच्या पहिल्या तीन मुलांनी शिवाजी महाराजांपासून सुरुवात केली. चौथी मुलगी सत्तरीतली. कुळाच्या घरची, हे तिनं स्वतःच बोलता बोलता सांगितलं. तिनं इतिहासाला हात लावला नाही. आजोबांच्या शेताबद्दल बोलायला लागली: खंड किती होता, भाटकाराचा माणूस खळ्यावर कसा उभा राहायचा, चौसष्टनंतर काय बदललं, कागदावर पहिल्यांदा कुणाचं नाव लागलं. वर्ग गप्प. पानांकडची मुलंसुद्धा खाली बघायला लागली होती. दोन मिनिटं झाली असतील. "आणि हे सगळं," ती म्हणाली, "हे सगळं आम्हांला कुणी दिलं तर..."

आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

"हें सांगलें जाल्यार तें पानांचेंच भाशण जाता न्ही, सर?"

तिचं एक मिनिट शिल्लक होतं. ती खाली बसली.